रामायण गावात पाहिले, महाभारत परगावी

तुमचा प्रश्न असा आहे की, तुमचे वडील आणि त्यांचे गावाकडचे मित्र वर्षातून एकदा भेटले की दूरदर्शनच्या जुन्या मालिकांपासून बोलायला सुरुवात करतात आणि थोड्याच वेळात पहिल्या नोकरीसाठी घर सोडल्याच्या गोष्टींवर येतात; या दोन विषयांचा एकमेकांशी काय संबंध, आणि दरवर्षी तेच ते बोलण्यात त्यांना एवढे काय मिळते? मी बहुधा तुमच्या वडिलांच्याच वयाचा असेन. लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी वाढलो, १९८८ साली भोसरीला कामाला गेलो, आणि दर दिवाळीला आम्ही चौघे मित्र गावात जमतो तेव्हा आमचेही बोलणे नेमके याच वाटेने जाते. त्यामुळे आमच्या चौघांपुरते जे खरे आहे तेवढे सांगतो.

आधी दोन-तीन तारखा लक्षात घ्या. ‘रामायण’ मालिका २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ रोजी संपली. ‘महाभारत’ त्याच वर्षी २ ऑक्टोबरला सुरू झाले आणि २४ जून १९९० पर्यंत चालले. मध्ये दोन महिने गेले. आयटीआयचा निकाल हातात घेऊन मी ज्या रात्रीच्या एसटीने गाव सोडले ती रात्र याच दोन महिन्यांतली, ऑगस्टच्या अखेरीची. आमच्यातला दुसरा मित्र पोलीस भरतीत निवडला जाऊन मुंबईकडे गेला तोही याच काळात. तिसरा पुढच्या वर्षी हैदराबादला औषधांच्या गोदामात कामाला लागला, आणि चौथा गावातच राहिला. त्याचे किराणा दुकान आणि सहा एकर शेती आहे. म्हणजे आम्ही रामायण चौघांनी एका ओसरीवर बसून पाहिले आणि महाभारत संपेपर्यंत चौघे चार ठिकाणी झालो होतो. ‘तू गाव कधी सोडलेस?’ असे कोणी विचारले तर आजही आमच्या तोंडी साल येत नाही. ‘रामायण संपल्यावर’ असेच उत्तर येते.

ती ओसरी आमच्या गुरुजींची. आमच्या गावात चित्र दिसू लागले ते १९८५ च्या सुमारास. त्याच्या आदल्या वर्षी उपग्रहाच्या साहाय्याने देशभर कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहिली होती आणि त्यांतल्या बहुतेकांवरून दिल्लीचे कार्यक्रम जसेच्या तसे दाखवले जात. हा मुद्दा बाजूचा वाटेल, पण तो महत्त्वाचा आहे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ पासून सुरू होते आणि पुण्याला सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे १९७३ पासून तेच कार्यक्रम दिसत होते, त्यामुळे तिकडच्या मुलांचे बालपण ‘गजरा’, ‘किलबिल’, ‘आमची माती आमची माणसं’ आणि शनिवारचा मराठी चित्रपट यांत गेले. आम्हाला यांतले काहीच ठाऊक नव्हते. भोसरीला गेल्यावर कारखान्यातली पुण्याची मुले ‘चिमणराव’च्या आठवणी काढून हसत, तेव्हा मी मराठी असूनही त्या हसण्यात मला जागा नव्हती. उलट हैदराबादला गेलेल्या आमच्या मित्राला दिल्लीच्या कार्यक्रमांमुळे कानावर पडलेली हिंदी पहिल्या दिवसापासून उपयोगी पडली, कारण घरमालक तेलुगू बोलणारे होते आणि दोघांना समजणारी भाषा तेवढी एकच होती. लहानपणी जे पाहिले त्याचा बाहेर पडल्यावर असा काही ना काही हिशेब लागतोच.

गुरुजींचा संच चौदा इंची कृष्णधवल होता. रविवारी सकाळी ओसरीवर पुरुष, आत माजघराच्या उंबऱ्यापर्यंत बायका आणि सगळ्यांत पुढे आम्ही मुले असे बसत असू. संचाला हार घातलेला असे आणि पुढे उदबत्ती. वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणत, कारण तो छोटा संच बारा व्होल्टवरही चालत असे. बॅटरी उचलून आणण्याचे काम आमच्यातल्या पोलिसाचे, तो तेव्हापासूनच अंगाने दणकट. अँटेना माळवदावर होती. आमच्याकडची जुनी घरे माळवदाची, म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर हात-दीड हात जाडीचा मातीचा थर. त्या मातीत लोखंडी पाइप रोवलेला होता. पडद्यावर मुंग्या आल्या की मी माळवदावर चढे, किराणावाला मित्र अंगणात उभा राही आणि हैदराबादवाला आतून ओरडे: ‘आलं... गेलं... माघारी फिरव जरा... हं, तसंच धर!’ अंगणातला ते शब्द तसेच वर पोचवी. पाइप नेमक्या कोनात धरून मी उभा राही आणि खाली सगळ्यांना चित्र दिसत असे. कित्येकदा अर्धा भाग संपेपर्यंत मी वरच असे आणि खालून येणाऱ्या आवाजावरून काय चालले आहे ते समजून घेई. याचे मला कधी वाईट वाटले नाही. माझ्या हातामुळे सगळ्या गल्लीला दिसते आहे, ही त्या वयात फार मोठी गोष्ट होती.

आता घर सोडल्याबद्दल. आमच्या पिढीतल्या मुलग्यांना निघताना काय वाटले हे बोलून दाखवायची रीत नव्हती. आईने शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी बांधून दिली, वडिलांनी दीडशे रुपये खिशात ठेवले, ‘पोचल्यावर पत्र टाक’ म्हणाले, आणि एसटी सुटली. पहाटे पुण्यात उतरून सिटी बसने भोसरी. कॉट बेसिसवर एका खोलीत सहा जण, पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे तीन खाटांवर सहा जणांची झोप, आणि खाणावळीत महिन्याचे कार्ड. त्या पहिल्या दोन महिन्यांत मला जी भीती वाटली, जो एकटेपणा आला, त्याबद्दल मी आजतागायत घरी एक शब्द बोललेलो नाही. मित्रांशी बोललो, पण तेही सरळ नाही. ‘अरे, भोसरीत मी महाभारताचा पहिला भाग कुठे पाहिला ठाऊक आहे का?’ असे म्हणून बोललो.

तो पहिला भाग मी शेजारच्या चाळीतल्या एका अनोळखी घराच्या दारात, चपलांच्या ढिगाशेजारी उभा राहून पाहिला. घरातल्या आजींनी वळून पाहिले आणि ‘आत ये रे, बस’ म्हणाल्या. आत गेलो नाही. का ते तेव्हा कळले नाही. पुढे बसण्याची सवय होती ती गुरुजींच्या ओसरीवरची, इथे पुढे बसणारी मुले वेगळी होती. पण शंखनाद झाला आणि मला एकदम जाणवले की, याच मिनिटाला गुरुजींच्या घरी आई उंबऱ्याशी बसून हेच चित्र पाहते आहे. घरी फोन नव्हता, गावातही कोणाकडे नव्हता, पत्राला चार-पाच दिवस लागत. आईने आणि मी एकाच वेळी करावी अशी आठवड्यातली एकच गोष्ट उरली होती आणि ती ही होती. तुमच्या पिढीला हे सांगून पटवणे कठीण आहे, कारण तुम्हाला घरच्यांचा चेहरा केव्हाही पाहता येतो. मात्र त्या वेळी देशात बहुतेक ठिकाणी एकच वाहिनी असण्याचा, भाग चुकला तर पुन्हा पाहायची सोय नसण्याचा हा एक मोठा परिणाम होता: घर सोडलेला माणूस रविवारी सकाळी पाऊण-एक तास घरच्यांबरोबर असे.

यातही एक अडचण होती. भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची असते, रविवारची नाही. म्हणजे पहिली पाळी असलेल्या आठवड्यात महाभारताच्या वेळी मी मशीनवर उभा असे. तीन आठवड्यांतला एक भाग हमखास चुकायचा. मी हे घरी पत्रात सहज लिहिले आणि त्यानंतर माझ्या धाकट्या बहिणीने, जी तेव्हा आठवीत होती, चुकलेला प्रत्येक भाग मला पत्रातून कळवायला सुरुवात केली. निळे आंतरदेशीय पत्र, त्यात आधी आईचा निरोप, मग पावसापाण्याची आणि म्हशीची हकिगत, आणि उरलेल्या सगळ्या जागेत महाभारत. जागा संपली की ती घडीच्या पट्टीवर, समासात, पत्त्याच्या वरच्या कोपऱ्यातही लिही. द्यूताचा प्रसंग मी तेव्हा पडद्यावर पाहिला नाही, बहिणीच्या अक्षरात वाचला. तिने लिहिले होते की, भाग चालू असताना आई मधेच उठली, देवापुढे दिवा लावून आली आणि मग पुढचे पाहायला बसली. पुष्कळ वर्षांनी तो भाग मी संगणकावर पाहिला, तेव्हा माझे लक्ष सारखे त्या दिव्याकडेच जात होते.

पोलीस मित्राचे महाभारत लालबागच्या एका चाळीच्या दारात, गणवेशात, बंदोबस्तातून दहा-दहा मिनिटे चोरून पाहिलेले आहे. हैदराबादवाल्याने ते घरमालकांच्या कुटुंबाबरोबर पाहिले. तो म्हणतो की, त्या घरात माणूस म्हणून माझी ओळख रविवारमुळे झाली, एरवी मी गोदामातला मुलगा होतो. आम्ही भेटलो की या गोष्टी पुनःपुन्हा सांगतो, आणि प्रत्येक वेळी कोणाच्या तरी तोंडून एखादे वाक्य नव्याने निघते. तुमच्या वडिलांचे बोलणे बाहेरून तेच ते वाटत असले तरी आत एखादे नवे वाक्य असू शकेल, एवढे नक्की सांगतो.

एका ठिकाणी मात्र आमचे बोलणे थांबते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले असताना, किल्लारीचा भूकंप झाला. आमचे गाव तिथून तीस-पस्तीस किलोमीटरवर. त्या दिवशी भोसरीच्या खाणावळीत संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळी मराठवाड्याची सगळी मुले पडद्यासमोर जमली होती. ढिगारे दिसत होते, वाकलेल्या तुळया दिसत होत्या, आणि आम्ही गावांची नावे ऐकत होतो. आपले नाव घेतले जाऊ नये म्हणून प्रत्येक जण श्वास धरून बसला होता. हजारो माणसे गेली ती दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाची ती जड माती अंगावर कोसळून. ज्या माळवदावर उभा राहून मी अँटेना फिरवली, तसेच ते छप्पर. आमच्याकडे भिंतींना तडे गेले, माणसे वाचली. नंतर गावात भराभर माळवदे उतरवून लोकांनी पत्रे घातले, गुरुजींनीही घातले. किराणावाला मित्र तेव्हा दुकानातले धान्य घेऊन किल्लारीकडे गेला होता आणि तीन दिवस तिथेच होता. तिथे काय पाहिले ते त्याने आम्हाला सांगितलेले नाही, आम्ही विचारलेलेही नाही.

या मित्राबद्दल आणखी एक गोष्ट सांगायची आहे. गाव सोडणाऱ्यांच्या आठवणींत गावात राहिलेला माणूस सहसा ऐकणारा असतो. आमच्याकडेही तसेच चालले होते. आम्ही तिघे बोलायचो आणि तो चहा आणायचा, विड्याची पाने लावायचा. चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तो शांतपणे म्हणाला, ‘तुम्ही कुठं कुठं उभं राहून पाहिलं ते सगळं पाठ झालंय मला. मी तिथंच बसून होतो. माळवदावर कोण चढणार, आतून ओरडणार कोण? मीच वर जायचो, मीच खाली येऊन बघायचो, परत वर जायचो.’ आम्हा तिघांनाही यावर काय बोलावे ते सुचले नाही. घर सोडणे म्हणजे आपण काय सोडले एवढाच विचार आम्ही तीस वर्षे केला होता.

गेल्या दिवाळीला मी बहिणीची ती पत्रे बरोबर घेऊन गेलो. अकरा शिल्लक आहेत. रात्री जेवणे झाल्यावर एकेक वाचत होतो, भीष्म शरपंजरी पडल्याचे पत्र निघाले, आणि त्याच्या घडीच्या पट्टीवर, आडव्या बारीक अक्षरांत लिहिलेल्या तीन ओळी इतक्या वर्षांनी मला पहिल्यांदाच नीट लागल्या: ‘तुझ्या जागेवर तो अजून कोणाला बसू देत नाही. परवा पाटलांचा मुलगा बसला तर त्याला उठवले. म्हणाला, तो वर गेलाय अँटेना धरायला, येईल आता.’

मी ते मोठ्याने वाचले. किराणावाल्याने पत्र माझ्या हातातून घेतले, चष्मा लावून स्वतः वाचले, घडी होती तशी घातली आणि चहा टाकतो म्हणून आत गेला.