बातमीत शिरलेला व्हिडिओ गेम

प्रश्न : व्हिडिओ गेममधली दृश्यं खरं युद्ध म्हणून बातम्यांत दाखवली जातात. एवढ्या लोकांच्या हाताखालून जाऊनही हे सुटतं कसं? आणि घरबसल्या ओळखता येतं का?

उत्तर : क्लिप बातम्यांच्या संपादन डेस्कवर येते तेव्हा तिला आधीच कुणीतरी नाव दिलेलं असतं. पुढचा प्रत्येक जण त्या नावावर विसंबतो. ब्रिटनच्या आयटीव्हीने २०११ मध्ये लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी आणि आयआरए (उत्तर आयर्लंडमधली ब्रिटनविरोधी सशस्त्र संघटना) यांच्यावरच्या माहितीपटात हेलिकॉप्टर पाडल्याचं दृश्य दाखवलं, वर पट्टी होती 'आयआरए फिल्म १९८८'. दृश्य होतं 'आर्मा २' या गेममधलं. ऑफकॉम या नियामक संस्थेने २०१२ मध्ये ही प्रेक्षकांची दिशाभूल ठरवली.

ग्राफिक्स टेबलावरची चूक वेगळी. मे २०१२ मध्ये बीबीसीच्या दुपारच्या बातम्यांत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा विषय होता आणि निवेदिकेच्या मागे बोधचिन्ह झळकलं 'हेलो' गेममधल्या 'युनायटेड नेशन्स स्पेस कमांड'चं. दोन्हींची आद्याक्षरं तीच, यूएनएससी. म्हणून बोधचिन्ह इमेज सर्चमधून उचलू नये, संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावं. डेन्मार्कच्या टीव्ही २ने २०१३ मध्ये सीरियाच्या बातमीमागे दमास्कसचं जे चित्र लावलं, ते 'असॅसिन्स क्रीड'मधलं होतं. त्या गेमचा काळ बाराव्या शतकाचा!

आपल्याकडचं उदाहरण सप्टेंबर २०२१चं. अफगाणिस्तानातल्या पंजशीर खोऱ्यावर पाकिस्तानी हवाई हल्ला म्हणून काही भारतीय वाहिन्यांनी 'आर्मा ३'ची क्लिप चालवली. या गेमची निर्माती बोहेमिया इंटरॅक्टिव्ह हिने २०२२ मध्ये स्वतःच ओळखीच्या खुणा सांगितल्या : दृश्य धूसर, कॅमेरा हलता, बहुधा रात्र, आवाज नाही, हालचाल करणारी माणसं जवळजवळ नाहीत. धूर आणि स्फोट नीट बघा, ते कृत्रिम वाटतात.

आता तपासणी. क्लिप थांबवून चार-पाच फ्रेम्सचे स्क्रीनशॉट घ्या, सुरुवातीची आणि शेवटची धरून. वाहिनीचा लोगो आणि खालची पट्टी कापून टाका, नाहीतर शोधात त्याच वाहिनीच्या बातम्या वर येतात. मग चित्रावरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्स, यांडेक्स आणि टिनआय, तिन्हींत टाका. टिनआयमध्ये सर्वांत जुना निकाल आधी लावता येतो. काही सापडलं नाही तर चित्र आडवं उलटवून पुन्हा शोधा, कारण पकडलं जाऊ नये म्हणून क्लिप आरशासारखी फिरवलेली असू शकते.

तरीही काही मिळालं नाही, म्हणजे क्लिप खरी असं नव्हे. गेम प्रत्येक वेळी नव्याने खेळून रेकॉर्ड होतो, तीच फ्रेम इंटरनेटवर असेलच असं नाही. अशा वेळी पाठवणाऱ्याकडे मूळ फाइल मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून आलेली प्रत दाबून लहान झालेली असते. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर फाइल जशीच्या तशी मिळते. मूळ फाइल नाही आणि कुणी टिपली तेही सांगता येत नाही, तर क्लिप चालवू नये. दोन मिनिटं आधी दाखवायच्या घाईपेक्षा प्रेक्षकांचा विश्वास फार मोलाचा आहे.

प्रश्न : अशी चूक दिसली तर तक्रार कुठे करायची?

उत्तर : आधी त्याच वाहिनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, लेखी. तारीख, वेळ, कार्यक्रमाचं नाव, पडद्याचा फोटो आणि मूळ गेमच्या व्हिडिओची लिंक जोडा. २०२१च्या केबल टीव्ही नियमांप्रमाणे वाहिनीने २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. समाधान झालं नाही, तर वाहिनी ज्या स्वयंनियमन संस्थेची सदस्य असेल तिच्याकडे पुढच्या १५ दिवसांत अपील करता येतं.