कडब्याचे प्रेत आणि शरणपूरचा जेकब

आफ्रिकेतील गुलामव्यापाराच्या काळात घडणारी जंगलातील साहसकथा आपल्याला लिहायची आहे, नायक म्हणून गोरा संशोधक नको आहे आणि त्यासाठी खरा आधार कोणता घ्यावा, असे आपण विचारले आहे. मी नाशिकचा असल्यामुळे माझी निवड थोडी पक्षपाती वाटेल. तरीही आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन याचे शव समुद्रापर्यंत नेणाऱ्या माणसांचा १८७३-७४ मधील प्रवास घ्यावा, असे मी सुचवेन.

त्याचा एक धागा शरणपूरला येऊन मिळतो. गुलामांच्या गलबतांवरून इंग्रजी आरमाराने सोडवलेल्या आफ्रिकी मुलांपैकी कित्येकांना चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळच्या या वसाहतीत ठेवून लिहावाचायला आणि सुतारकाम-लोहारकाम शिकवले. १८६६ च्या मोहिमेत इथले नऊ तरुण लिव्हिंगस्टनबरोबर होते. त्या वर्षी जूनमध्ये वाटेवर त्यांना गळ्याला दोर बांधून झाडाशी जखडलेली एक मृत स्त्री दिसली. तिला तांड्याबरोबर चालवेना, आणि ती दुसऱ्या कोणाच्या हाती लागू नये म्हणून मालकाने तिचा असा शेवट केला, असे तिथल्या लोकांनी सांगितले. एके काळी स्वतः पकडून नेले गेलेल्या त्या तरुणांना हे पाहून काय वाटले असेल, तिथे आपल्या लेखणीला खरा वाव आहे.

मे १८७३ च्या आरंभी, आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला. त्याचे आफ्रिकी सोबती सुसी आणि चुमा यांच्या नेतृत्वाखाली बरोबरच्या लोकांनी त्याचे हृदय तिथेच झाडाखाली पुरले, देह मीठ लावून चौदा दिवस उन्हात वाळवला आणि झाडाच्या सालीत गुंडाळला. पुरताना प्रार्थना वाचली ती शरणपूरला शिकलेल्या जेकब वेनराइटने; झाडावर अक्षरेही त्यानेच कोरली.

पुढे किनाऱ्याच्या वाटेवर कासेकेरा येथे गावकरी प्रेत पुढे नेऊ देईनात. तेव्हा या मंडळींनी, आपण हरलो, प्रेत वाटेत मागे टाकलेल्या उन्यान्येंबे या ठिकाणी परत पाठवतो, असे भासवले. ज्वारीची धाटे माणसाच्या उंचीएवढी तोडून त्यांवर कापड गुंडाळले (आपल्याकडच्या कडब्याच्या पेंढीला कफन घातल्यासारखेच म्हणा ना), निरोप्याच्या रिवाजाप्रमाणे चिरलेल्या काठीत पत्रासारखा दुमडलेला कागद खोचला, आणि सहा विश्वासू माणसे ते 'प्रेत' घेऊन गंभीर चेहऱ्याने सूर्यास्ताच्या सुमारास निघाली. अंधार पडताच वाट सोडून ती रानात शिरली, एकेक धाट वेगवेगळ्या जागी फेकत गेली, पावलांचे ठसे उमटू नयेत म्हणून उंच गवतातून चालली आणि कोंबडा आरवण्यापूर्वी निरनिराळ्या दिशांनी परतली. दरम्यान खरा देह सालीतून काढून व्यापारी कापडाच्या गाठोड्यासारखा बांधला गेला होता. त्यावर पुढे कोणी संशय घेतला नाही. माझ्या मते आपल्या कथेचा मध्यबिंदू हीच रात्र असावी.

ते समुद्रकिनाऱ्यावरच्या बागामोयोला पोहोचले फेब्रुवारी १८७४ मध्ये. त्यांच्या वाटचालीतच, जून १८७३ मध्ये, झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला होता. १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा त्या साऱ्या वाटसरूंपैकी एकटा जेकब हजर होता. बहुतेकांना किनाऱ्यावरच पगार देऊन मोकळे करण्यात आले होते, आणि सुसी व चुमा इंग्लंडला पोहोचले ते दफन उरकल्यावर.