वाचकांचे प्रश्न : टेम्प्लेटमधला हिशेब आणि कन्स्ट्रक्टरमधलं घड्याळ

प्रश्न : आमच्या ऑर्डरच्या पानाच्या टेम्प्लेटमध्येच, म्हणजे एचटीएमएलच्या साच्यातच, डेटाबेसची क्वेरी आहे, सवलतीचा हिशेबही तिथेच होतो. रकान्यांची मांडणी बदलली आणि एकूण रक्कमच चुकली. सगळं नव्याने लिहावं का?

नव्याने लिहू नका. चालू कोडमध्ये कित्येक बारकावे मुरलेले असतात आणि नव्या कोडमध्ये नेमके तेच सुटतात. आधी पाच-सहा ऑर्डर निवडा : सवलत असलेली, नसलेली, रद्द झालेली, एकही वस्तू नसलेली. त्यांच्या पानांचं एचटीएमएल फायलींत साठवा. पुढे प्रत्येक छोट्या बदलानंतर नवं एचटीएमएल या फायलींशी ताडून पाहा, आणि फरक दिसला की तो समजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग टेम्प्लेटला नेमकं काय लागतं याची यादी करा. ऑर्डर क्रमांक, वस्तूंच्या ओळी, एकूण रक्कम, 'रद्द करा' बटण दाखवायचं की नाही. एवढीच मूल्यं असलेला साधा क्लास बनवा, डेटाबेसची त्याला गंधवार्ताही नको. हे झालं व्ह्यू मॉडेल. कंट्रोलरने (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या कोडने) ते भरून घ्यायचं आणि टेम्प्लेटला द्यायचं.

टेम्प्लेटमध्ये इफ आणि लूप असायला हरकत नाही. पण 'पैसे भरले आहेत आणि माल अजून निघालेला नाही, म्हणून रद्द करता येईल' हा नियम उद्या मोबाइल ॲपलाही लागणार. त्याची जागा आत, हिशेबाच्या कोडमध्ये. टेम्प्लेटला फक्त हो किंवा नाही कळलं की पुरे. तारीख कशी लिहायची, हजारांचे स्वल्पविराम कुठे द्यायचे, हे दाखवण्याचं काम. रक्कम राउंड करणं मात्र हिशेबाचं काम आहे. १०.३३३ च्या तीन ओळी आधी राउंड करून बेरीज केली तर ३०.९९ येतात, बेरीज करून मग राउंड केलं तर ३१.००. तुमची रक्कम चुकली ती अशाच एखाद्या ठिकाणी का, ते आधी तपासा.

एक चूक फार जण करतात : व्ह्यू मॉडेल न बनवता ओआरएमचा (डेटाबेसच्या ओळींचे ऑब्जेक्ट बनवणाऱ्या लायब्ररीचा) ऑब्जेक्टच टेम्प्लेटला देऊन टाकतात. मग ५० ऑर्डरींच्या यादीत ग्राहकाचं नाव छापताना क्वेरी होतात ५१ : एक यादीची आणि प्रत्येक ओळीमागे एक. टेम्प्लेटमध्ये क्वेरी कुठेच दिसत नाही, पान मात्र रेंगाळतं. यादी आणतानाच ग्राहकही सोबत आणा (पायथनच्या जँगोत त्यासाठी सिलेक्ट-रिलेटेड आहे). जावाच्या स्प्रिंग बूटमध्ये ओपन-इन-व्ह्यू (पान तयार होईपर्यंत डेटाबेसचं सेशन उघडं ठेवणारी सोय) मुळातच चालू असतं, त्यामुळे टेम्प्लेटमधून नकळत होणाऱ्या क्वेरींची ही गळती झाकली जाते. ते बंद करा. लेझी इनिशियलायझेशनचे (सेशन बंद झाल्यावर माहिती मागितल्याचे) एरर येतील, आणि प्रत्येक एरर गळतीची जागा दाखवेल.

ट्रिग्वे रीन्सकॉग यांनी १९७९ साली झेरॉक्स पार्कमध्ये मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलरची कल्पना मांडली, तिच्यातली दिशा आजही उपयोगी आहे : व्ह्यूला मॉडेल ठाऊक असतं, मॉडेलला व्ह्यू नाही. हिशेबाच्या फोल्डरमधले इम्पोर्ट वाचून काढा. तिथे एचटीएमएल, सेशन किंवा रिक्वेस्टचं नाव सापडलं तर काम अजून बाकी आहे.

प्रश्न : सवलत ठरवणाऱ्या क्लासची टेस्ट एरवी पास होते, महिना बदलताना मात्र कधीकधी फेल. यासाठी डिपेन्डन्सी इंजेक्शनचा कंटेनर आणावा का?

कंटेनर (क्लासना लागणारी साधनं आपोआप बनवून जोडणारी लायब्ररी) नको, घड्याळ बाहेरून द्या. तुमचा क्लास आतल्या आत 'आत्ता किती वाजले' असं विचारत असणार, म्हणून उत्तर टेस्ट चालवण्याच्या वेळेवर ठरतं. जावा ८ पासून क्लॉक आहे, डॉटनेट ८ पासून टाइम-प्रोव्हायडर. ते कन्स्ट्रक्टरमधून घ्या. टेस्टमध्ये एकदा ३१ जानेवारी, रात्री ११:५९:५९ आणि एकदा त्यानंतरचा सेकंद अशी वेळ गोठवून द्या. डिपेन्डन्सी इंजेक्शन म्हणजे मुळात एवढंच : क्लासने आपली साधनं स्वतः बनवायची नाहीत, कन्स्ट्रक्टरमध्ये मागून घ्यायची. हे नाव २००४ मध्ये मार्टिन फाउलर यांच्या लेखामुळे रूढ झालं.

सगळी जोडणी प्रोग्राम सुरू होतो तिथे, एकाच ठिकाणी करा. तीस-चाळीस क्लास असेपर्यंत ती हाताने लिहिणंच आम्हाला बरं वाटतं, कारण एखादं साधन द्यायचं राहिलं तर कम्पायलरच अडवतो. कंटेनर आणलाच, तर तो स्वतः कुठल्याही क्लासच्या हाती देऊ नका. मग त्या क्लासला काय लागतं हे कन्स्ट्रक्टर वाचून कळत नाही, आणि चूक प्रोग्राम चालू असतानाच बाहेर येते. यादी, रक्कम, तारीख अशी साधी मूल्यं मात्र खुशाल न्यू करून बनवा. कन्स्ट्रक्टर अकरा-बारा साधनं मागू लागला तर त्या क्लासच्या गळ्यात दोन-तीन कामं पडली आहेत. तो फोडा.

प्रश्न : कंटेनर वापरायला लागल्यापासून एका वापरकर्त्याची माहिती क्वचित दुसऱ्याला दिसते. आमच्या मशीनवर असं कधीच होत नाही.

हा ऑब्जेक्टच्या आयुष्यमानाचा (कंटेनर तो किती काळ ठेवतो याचा) घोळ दिसतो आणि तो गंभीर आहे, आजच हातात घ्या. एएसपी डॉटनेट कोअरमध्ये तीन आयुष्यमानं आहेत : ट्रान्झियंट दर मागणीला नवा, स्कोप्ड एका रिक्वेस्टपुरता, सिंगलटन ॲप्लिकेशन बंद होईपर्यंत. सिंगलटनने कन्स्ट्रक्टरमध्ये स्कोप्ड ऑब्जेक्ट घेतला की तो कायमचा अडकून बसतो, आणि पहिल्या रिक्वेस्टचा वापरकर्ता पुढच्या सगळ्यांना मिळत राहतो. तुमच्या मशीनवर वापरकर्ते एकटे तुम्हीच, म्हणून काही दिसत नाही. स्प्रिंगमध्ये तर काही न सांगितल्यास बीन (कंटेनरने बनवलेला ऑब्जेक्ट) सिंगलटनच असतो. तिथे फील्डमध्ये 'सध्याचा वापरकर्ता' साठवला की हाच प्रकार होतो.

वापरकर्ता मेथडला पॅरामीटर म्हणून द्या, फील्डमध्ये ठेवू नका. डॉटनेटमध्ये व्हॅलिडेट-स्कोप्स आणि व्हॅलिडेट-ऑन-बिल्ड हे जोडणीतल्या अशा चुका तपासणारे दोन्ही पर्याय सगळीकडे चालू करा. एरवी ही तपासणी डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंटमध्येच होते, आणि तुमच्या मशीनवर ॲप्लिकेशन वेगळ्या एन्व्हायर्नमेंटच्या नावाने चालवलं तर तिथेही होत नाही. पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सिंगलटनला डेटाबेस हवाच असेल, तर त्याने स्कोप-फॅक्टरी (नवे स्कोप उघडून देणारं साधन) घ्यावी, प्रत्येक कामाला नवा स्कोप उघडावा आणि काम संपताच बंद करावा. नंतर दोन वेगळ्या लॉगिनांनी एकाच वेळी शेकडो रिक्वेस्ट पाठवणारी टेस्ट लिहा आणि प्रत्येक उत्तरातला वापरकर्ता क्रमांक तपासा.