आधी कोणते पुस्तक उघडावे?

चि. मित्रास,
सप्रेम आशीर्वाद.

विज्ञानकथाकार आयझॅक अ‍ॅसिमॉव्हच्या ‘फाउंडेशन’ मालिकेतील सातही पुस्तके कथेतल्या काळानुसार मांडून तू वाचायला घेतलीस आणि पहिल्याच ‘प्रेल्यूड टू फाउंडेशन’मध्ये अडकलास. ही मालिका आपल्या आवाक्यातली नाही, हा तुझा निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही. मालिका ज्या क्रमाने लिहिली गेली, त्याच क्रमाने वाच.

‘प्रेल्यूड’ १९८८ साली आले. मालिकेची पहिली कथा १९४२ साली मासिकात छापली गेली आणि ‘फाउंडेशन’ हे पुस्तक १९५१ साली निघाले. तिथून सुरुवात कर. त्याचे पाच भाग आहेत आणि दोन भागांमध्ये कित्येक वर्षे उलटतात, त्यामुळे लोकलच्या प्रवासातही एकेक भाग वाचून होतो. दुसऱ्या भागात, गणिताने भविष्य मांडणाऱ्या हॅरी सेल्डनच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी, टर्मिनस ग्रहावरचा एक बंद कक्ष उघडतो आणि चाकाच्या खुर्चीत बसलेल्या सेल्डनची प्रतिमा बोलू लागते. ती काय बोलते, ते मी सांगणार नाही. त्या म्हाताऱ्याविषयी आपल्याला जवळजवळ काहीच ठाऊक नसते, म्हणून त्याच्या शब्दांना वजन येते. ‘प्रेल्यूड’मध्ये ट्रँटर या साम्राज्याच्या राजधानीच्या ग्रहावर जीव मुठीत धरून पळणारा तरुण सेल्डन ज्याने आधीच पाहिला आहे, त्याच्यासाठी ते वजन निम्मे होते. म्हणून म्हणतो, लिहिले त्या क्रमाने वाच.

तू म्हणशील, घटनाक्रमाची यादी तर खुद्द लेखकानेच ‘प्रेल्यूड’च्या आरंभी दिली आहे. दिली आहे, हे खरे. चौदा पुस्तके लिहून झालेल्या माणसाला सगळा पट एकदम दिसतो. पहिले पान उघडणाऱ्याला तो दिसत नाही आणि दिसूही नये. या एका बाबतीत मी लेखकाचेही ऐकत नाही. याला कोणी हेका म्हणाले तरी चालेल.

या हेक्याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात ‘फाउंडेशन अँड एम्पायर’ माझ्या हातात असताना, लोकलमध्ये शेजारी बसलेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने उत्साहाच्या भरात म्यूल कोण, हे सांगून टाकले. सेल्डनचे सारे गणित ज्याच्यापुढे कोलमडते, ते हे पात्र. पुस्तक मी पूर्ण केले, पण ते वळण मला कधीच कोरे मिळाले नाही आणि आता मिळणारही नाही. तुझ्या वाट्याला हे येऊ नये, एवढ्यासाठी मी इतका आग्रह धरतो आहे.

१९५३ च्या ‘सेकंड फाउंडेशन’पाशी थांबलास तरी काही बिघडत नाही; लेखकही तिथे जवळपास तीस वर्षे थांबला होता. पुढे जावेसे वाटलेच, तर १९८२ च्या ‘फाउंडेशन्स एज’आधी ‘आय, रोबॉट’ आणि ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ वाच, कारण या दोन पुस्तकांतले यंत्रमानवांचे विश्व आणि ‘फाउंडेशन’चे विश्व लेखकाने नंतरच्या पुस्तकांत एकमेकांना जोडले आहे. ‘प्रेल्यूड’ त्या सगळ्यानंतर. त्याच्या शेवटी एका पात्राची खरी ओळख उघड होते, आणि ती कळून अंगावर काटा यायचा असेल, तर आधीची पुस्तके वाचलेली हवीत.

फोर्टच्या पदपथावर किंवा किंग्ज सर्कलला जुन्या पुस्तकांत मालिकेतले मधलेच एखादे स्वस्तात मिळाले, तर जरूर घेऊन ठेव. मात्र ‘फाउंडेशन’ हाती येईपर्यंत ते उघडू नकोस, आणि त्याच्या मागच्या पानावरचा मजकूर तर अजिबात वाचू नकोस.

तुझा स्नेही