युनिसायकलवर एका पायाने आयडलिंग कसं जमवावं?

तुम्ही लिहिलंय की युनिसायकलवर, म्हणजे एकचाकी सायकलवर, दोन्ही पायांनी आयडलिंग, म्हणजे चाक थोडं मागेपुढे करत जागच्या जागी डोलणं, जमतं; पण एक पाय फोर्कवर (चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्यावर) ठेवला की एक-दोन झोक्यांतच सायकल निसटते. म्हणजे अवघड भाग तुमचा झालेला आहे. आता फक्त वरच्या पायाला कामावरून काढायचंय.

तो पाय मुळात लागतच नाही. युनिसायकलला फ्रीव्हील नसतं, चाक फिरेल तसं पायडल फिरतं. खालचं पायडल घड्याळातल्या सहाच्या जागी धरा. चाक मागे गेलं की पायडल सहाच्या पुढे येतं. तिथे दाबलं की चाक पुढे येतं. चाक पुढे गेलं की पायडल सहाच्या मागे राहतं. तिथे दाबलं की चाक मागे फिरतं. दोन्ही टोकांना खाली दाबणं एवढंच काम, ओढायचं कुठेच नाही. हे पायाला पटेपर्यंत दोन्ही पाय पायडलवर ठेवूनच डोला, पण वरचा पाय नुसता टेकवलेला, बिनवजनाचा. मग तो पायडलपासून बोटभर उचला, एक झोका जाऊ द्या, परत टेकवा. फोर्कवर ठेवायची घाई इथेच नडते.

झोका आखूड ठेवा. २० इंची चाकाचा परीघ साधारण १६० सेंमी असतो. त्यातलं ४०-५० सेंमी मागेपुढे झालं तरी पुरे. पायडल आडव्याच्याही वर गेलं तर गुडघा दुमडतो, चाक अंगाखालून लांब जातं आणि एका पायाने ते परत आणणं कठीण होतं. डोकं आणि कंबर जागेवर, हलायचं ते चाकाने.

वजन सीटवर हवं. पाय उचलला की माणूस घाबरून पायडलवर उभं राहू पाहतो, मग सायकल त्याच बाजूला कलते आणि अंगालाही पीळ बसतो. सीट मांड्यांत घट्ट धरा, एका हाताने सीटचं पुढचं हँडल पकडा, दुसरा हात तोलाला मोकळा. सीट फार खाली असेल तर वर घ्या: पायडल तळाला असताना गुडघ्यात किंचितच बाक राहिला पाहिजे.

मोकळा पाय क्राऊनवर, म्हणजे चाकाच्या वर फोर्क जुळतो तिथे, हलकेच ठेवायचा. चवडा टायरला लागला तर ब्रेकच लागतो. क्राऊन सपाट असेल तर सोपं, गोल असेल तर पाय घसरतो. अशा वेळी मी तर पाय सरळ पुढे हवेत धरतो, दिसायला विचित्र दिसतं पण चालतं.

सुरुवातीला रेलिंगजवळ करा. हात रेलिंगवर टेकवा, पण लोंबकळू नका, नाहीतर तोल रेलिंगच सांभाळतं. सराव २० इंचीवरच करा, क्रँक (पायडल ज्या दांडीला लावलेलं असतं ती) १२५ मिमीच्या आसपास असली तर बरं. ३६ इंची चाक एका पायाने परतवायला फार जोर लागतो. आणि बुटाची नाडी आत खोचून ठेवा. ती क्रँकला गुंडाळली गेली की पाय सुटत नाही, आणि दुसरा पाय तर वर फोर्कवर असतो.