नाशिकच्या धरणांत फिरायला जुनी शिडाची होडी: लेझर की एंटरप्राइझ?

तुम्हाला मुंबईत जुनी लेझर आणि जुनी एंटरप्राइझ अशा दोन होड्या मिळतायत, आणि गंगापूर नाहीतर दारणेच्या पाण्यात नवरा-बायको आणि एक मूल असं निवांत फिरायचंय. मग लेझरचा विचार सोडा. ती एकट्याने पळवायची होडी. तिघं बसलात तर पाय ठेवायलाही जागा उरणार नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. लेझरची खालची फळी (होडी आडवी सरकू नये म्हणून पाण्यात सोडतात ती) सरळ वर ओढून काढायची असते, एंटरप्राइझची बिजागरीवर मागे फिरते. उन्हाळ्यात आपल्या धरणांचं पाणी उतरलं की पावसाळ्यात खोल बुडालेले खडक हातभरावर येतात. फिरणारी फळी खडकावर आपटली तर आपोआप वर उचलली जाते. सरळ फळी तिथेच अडते आणि होडीतली तिची खाच फोडते.

एंटरप्राइझ 4.04 मीटर लांब, नुसता सांगाडा साधारण 90 ते 95 किलो. घरातले दोन वजनकाटे पुढे-मागे ठेवून ती तोला. मास्ट (शिडाचा उभा खांब), शिडं, फळी काढूनही दोन्ही काट्यांची बेरीज 110 किलोच्या पुढे गेली तर आत पाणी मुरलंय. रंग कितीही चकचकीत असो, मी असतो तर तिथूनच परत फिरलो असतो.

वजन ठीक निघालं तर होडी दोन जुन्या टायरांवर ठेवा आणि आत आठ-दहा बादल्या पाणी ओता. वीस मिनिटांनी खाली वाकून फळीच्या खाचेची कड बघा. गळती बहुतेक तिथेच सापडते, आणि ती दुरुस्त करणं सगळ्यात किचकट. मग हवेच्या पेट्यांची झाकणं उघडून आत हात घाला. त्या कोरड्या हव्यात, कारण उलटलेली होडी त्यांच्याच जोरावर तरंगते. झाकणं परत लावा, सांध्यांना साबणाचं पाणी लावून नळीने तोंडाने हलकेच फुंका, बुडबुडे आले की फट कळते. सायकलचा पंप मात्र लावू नका, जास्त दाबाने चांगला सांधाही उकलतो. जुन्या होडीत पेट्यांऐवजी फुगवायच्या पिशव्या असतील तर त्या फुगवून रात्रभर ठेवा, आणि त्यांचे पट्टे जोर लावून ओढून बघा.

फायबरवर नाण्याने टकटक करत जा. टणक आवाज ठीक, मध्येच भद्द आला तर तिथले थर सुटलेत. केसासारख्या बारीक भेगांना घाबरू नका, पण मास्टच्या बुडाशी किंवा मास्टला धरणाऱ्या तारांच्या पट्ट्यांजवळ चांदणीसारखी भेग असेल तर आतलं फायबर तुटलेलं असू शकतं. प्लायवूडची असेल तर मागच्या बुचाजवळ स्क्रूड्रायव्हर टोचा, लाकूड कुजलंय का ते कळेल. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात असल्या होडीचे सांधे उघडतात, म्हणून ती सावलीतच ठेवावी लागते.

स्टीलच्या तारेवरून कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला तर एक तंतू तुटलाय, म्हणजे ती तार बदलायचीच. होडी समुद्रावर चाललेली असेल तर ॲल्युमिनियमच्या मास्टवर स्टीलच्या रिव्हेटभोवती पांढरी भुकटी दिसेल. थोडी असेल तर चालते, भोक मोठं झालं असेल तर नाही. शिडाची शिवण नखाने खरवडा. दोरा सुटून आला तर उन्हाने खाल्लाय. कापड धड असेल तर पुन्हा शिवता येतं. शिवायला टाकलंच तर मोठं शीड निम्म्यापर्यंत गुंडाळून बांधता येईल अशी भोकांची एक ओळ घालून घ्या. एंटरप्राइझ बहुतेक शर्यतींत पळवतात, ती सोय तिच्यात सहसा नसते, आणि डोंगरावरून येणारा वाऱ्याचा झोत कुटुंबासोबत असताना नको वाटतो.

फळी किंवा सुकाणू हरवलेली होडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

जलाशय जलसंपदा विभागाचे असतात, म्हणून होडी कुठून उतरवता येईल याची परवानगी आधी आणि बयाणा नंतर. काठावर शेतकऱ्यांच्या मोटारींच्या विजेच्या तारा जातात. मास्ट उभा करण्याआधी दरवेळी वर बघा.