सगळे एआय घ्यायलेत, मी काय घेऊ?

इंजिनिअरिंगला इलेक्टिव्हचा, म्हणजे आपण निवडायच्या विषयाचा, फॉर्म भरायची वेळ आली की खानापूर, निपाणी, बेळगाव, कुठलंही पोर सल्ल्यासाठी माझ्यासमोर बसलं तरी प्रश्न तोच: "मॅडम, सगळे एआय घ्यायलेत. मी नाही घेतलं तर मागं पडेन काय?"

त्यातलाच हा चिकोडीकडचा मुलगा (ओळख पटेल असे तपशील बदललेत). दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग पीयू (अकरावी-बारावी) सायन्स, सीईटी ही प्रवेश परीक्षा आणि आता व्हीटीयू या तंत्रशिक्षणाच्या विद्यापीठाच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स. त्याला हो-नाही काही न सांगता मशीन लर्निंगचा, म्हणजे एआयच्या मुख्य विषयाचा, सिलॅबस आणायला लावला. न कळणाऱ्या शब्दांभोवती गोल कर म्हटलं. ग्रेडियंट, आयगेनव्हॅल्यू, कंडिशनल प्रोबॅबिलिटी... गोल सगळे गणितावरच.

"मॅथ्स पास व्हायपुरतंच केलोय, मॅडम."

हा विषय अशा कच्च्या गणितावर घेतला की तयार लायब्ररीच्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या कोडच्या, चार ओळी लिहिता येतात, पण मॉडेल का चुकलं ते सांगता येत नाही.

पुढच्या भेटीत विचारलं, "कॉलेजबाहेर कधी काही बनवलंस?"

"तसं विशेष नाही. घरच्या दूध डेअरीचं ॲप. लिटर, फॅट टाकलं की दहा दिवसांचं बिल निघतं." जरा थांबून म्हणाला, "पण आई आणि काका एकदमच एंट्री करतात. एकदा काकांची उडालीच."

मग कागद ओढून आकडेच मांडले त्यानं. जुनी बेरीज 120 लिटर, दोघांच्याही मोबाईलवर तीच. काकांनी 5 मिळवून 125 सेव्ह केले. मागोमाग आईनं 8 मिळवून 128. राहिले 128, पाहिजेत 133.

"याला पुस्तकात काय म्हणतात?"

"लॉस्ट अपडेट." आणि हसला. "डीबीएमएसला, डेटाबेसच्या विषयाला, पाठ केलतो की हे!"

कल चाचणीच्या तक्त्यापेक्षा माझा भरवसा यावर जास्त: न विचारता माणूस कशाबद्दल बोलत सुटतो. तो बोलत असताना गप्प बसणं, एवढंच माझं काम होतं. ते मला बऱ्यापैकी जमतं.

त्यानं डिस्ट्रिब्युटेड सिस्टीम्स निवडलं. अनेक मशीन एकत्र काम करताना अशा गडबडी कशा टाळायच्या, तो हा विषय. ऑपरेटिंग सिस्टीम आणि नेटवर्क्स पक्के होते, म्हणून जमलं. कुठल्याही इलेक्टिव्हमागची अशी साखळी आधी तपासा. कंपायलरला (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) ऑटोमाटा हा थिअरीचा विषय लागतो, मशीन लर्निंगला लिनिअर अल्जेब्रा आणि प्रोबॅबिलिटी. एआय सोडून द्या असं नाही. आधी गणित दुरुस्त करा, मग एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर करा. शिकणं फुकट, फी फक्त परीक्षेची. असाइनमेंटला 25 आणि परीक्षेला 75 गुण. सर्टिफिकेटला दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं, म्हणजे किमान 10 आणि 30. असाइनमेंट दर आठवड्याला असतात, त्या साठवून ठेवलेली मुलं तिथंच अडकतात.

फॉर्मवर दुसरा पर्यायही तेवढाच विचार करून लिहा. पुरेशी मुलं नसली किंवा शिकवायला कोणी नसलं की कॉलेज विषय उघडतच नाही, आणि मग शिल्लक असेल तिथं नाव टाकलं जातं.